कोळी चावला? आधी जनावराकडे बघा, मग चाव्याकडे

पाळलेल्या कुत्र्याला किंवा मांजराला कोळी चावल्याचा संशय आला की बहुतेक जण आधी जखम शोधायला लागतात. केस बाजूला सार, टॉर्च लाव, दोन दातांच्या खुणा दिसतात का बघ. यात दहा मिनिटं जातात आणि हाती फारसं काही लागत नाही. कोळ्याचे दात इतके बारीक असतात की दाट केसांत त्यांची खूण सापडली तर नशीबच. शिवाय सापडलेली खूण कोळ्याचीच कशावरून? ज्यावरून पुढचा निर्णय घ्यायचा ती माहिती जनावराच्या श्वासात, हिरड्यांच्या रंगात आणि चालण्यात असते. म्हणून सुरुवात तिथून करायची.

घाबरावं असे कोळी थोडेच

जगात कोळ्यांच्या ५० हजारांहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत आणि एखाद-दुसरं कुळ सोडलं तर सगळ्यांकडे विषग्रंथी असतात. तरीही घरात किंवा बागेत दिसणाऱ्या बहुतेक कोळ्यांचे दात कुत्र्याच्या कातडीत धड शिरतही नाहीत. शिरलेच तर थोडी आग, थोडी सूज, काही तास ती जागा चाटत बसणं आणि एक-दोन दिवसांत विषय संपतो. चावा बहुधा नाकाला, ओठाला नाहीतर पुढच्या पंजाला होतो. कोळ्याला हुंगायला आणि चापट मारायला हेच अवयव पुढे जातात ना!

खरी काळजी करायची ती काही मोजक्या गटांची.

पहिला गट विडो कोळ्यांचा. यात ब्लॅक विडो, ब्राऊन विडो आणि ऑस्ट्रेलियातला रेडबॅक येतात. ब्लॅक विडोची मादी चकचकीत काळी असते, तिचं पोट गोल वाटाण्यासारखं आणि पोटाच्या खालच्या बाजूला लाल डमरूसारखी खूण असते. ब्राऊन विडो तपकिरी असते आणि तिची खूण नारिंगी. रेडबॅकच्या पाठीवर लाल पट्टा असतो. यांच्या विषातलं मुख्य द्रव्य म्हणजे आल्फा-लॅट्रोटॉक्सिन. चेतातंतूच्या टोकाशी स्नायूला हुकूम देणारी रसायनं साठवलेली असतात. हे विष तो साठा एकदम बाहेर काढायला लावतं. त्यामुळे आधी स्नायू आखडतात, वेदना होतात, थरथर सुटते, रक्तदाब वाढतो. साठा रिकामा झाला की तेच स्नायू लुळे पडतात. आधी पेटके आणि मग लुळेपणा हा क्रम लक्षात ठेवा, तो पुढे कामी येईल.

मांजरं या विषाला फार संवेदनशील असतात, कुत्रे त्या मानाने कमी. लक्षणं अर्ध्या तासापासून आठ तासांपर्यंत केव्हाही सुरू होतात. चाव्याच्या जागी तेव्हा फार तर किंचित लाली असते, अनेकदा तीही नसते. मांजर एका जागी बसत नाही, कण्हतं, मोठ्याने ओरडतं. तोंडातून लाळेच्या तारा लोंबतात. पोटाला हात लावला तर ते कडक लागतं, पण दाबल्यावर दुखरं पोट जसं आक्रसतं तसं होत नाही. मग मागचे पाय अडखळायला लागतात आणि ओरडणं थांबतं. इथे घात होतो. मांजर शांत झालं, आता झोपू दे, असं घरच्यांना वाटतं. प्रत्यक्षात दुसरा टप्पा सुरू झालेला असतो आणि लुळेपणा छातीच्या स्नायूंपर्यंत पोहोचला तर श्वासच थांबतो. कुत्र्यात पेटके, पाठ वाकवून चालणं, अस्वस्थता आणि कडक पोट जास्त दिसतं.

दुसरा गट रिक्लूज कोळ्यांचा. अंगाने तपकिरी, लहानखुरे, लाजरे; कपाटामागे, खोक्यांत, अडगळीत राहणारे. डोक्याच्या भागावर व्हायोलिनच्या आकाराची गडद खूण असते, पोटावर नक्षी नसते आणि बाकीच्या कोळ्यांना बहुधा आठ डोळे असतात तिथे यांना सहाच, तेही दोन-दोनच्या तीन जोड्यांत. डोळे मोजायला जाऊ नका; मेलेला कोळी बरणीत असेल तर डॉक्टर भिंगाखाली मोजतील. यांचा चावा कळतही नाही. दोन ते आठ तासांनी जागा दुखायला, खाजायला लागते. यांच्या विषात स्फिंगोमायलिनेज डी नावाचं विकर असतं. ते पेशींच्या आवरणावर घाला घालतं आणि आसपासच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पाडतं. रक्तपुरवठा तुटलेली कातडी मरते: मध्ये गडद ठिपका, भोवती पांढुरकं वर्तुळ, त्याबाहेर लाल कडं. पुढे काळी खपली धरते, ती दोन ते पाच आठवड्यांत सुटते आणि खालचा व्रण भरायला कधीकधी महिने लागतात. केसाळ जनावरात ही वर्तुळं दिसतच नाहीत. पहिल्यांदा हाताला लागते ती ओलसर किंवा कडक झालेली जागा. काही थोड्या जनावरांत हे विष रक्तातल्या तांबड्या पेशी फोडतं. तो प्रकार पहिल्या एक ते तीन दिवसांत होतो आणि जिवावर बेततो.

तिसरा गट टॅरँट्युलांचा, म्हणजे मोठ्या केसाळ कोळ्यांचा. अमेरिका खंडातल्या अनेक टॅरँट्युलांच्या पोटावर टोचरे केस असतात. चिडल्यावर ते मागच्या पायांनी हे केस उडवतात. ते कुत्र्याच्या जिभेत, नाकात, डोळ्यांत रुततात आणि भयंकर झोंबतात. आशिया, आफ्रिका आणि ऑस्ट्रेलियातल्या टॅरँट्युलांना असे केस नसतात. त्यांची भिस्त चाव्यावर असते. ऑस्ट्रेलियात असे चावे झालेले कुत्रे अर्ध्या ते दोन तासांत दगावल्याच्या नोंदी आहेत. गंमत म्हणजे हेच कोळी माणसाला चावले तर सहसा दुखण्यापलीकडे फार काही होत नाही. उलट माणसाचा जीव घेऊ शकणारा सिडनीचा फनेल-वेब कोळी कुत्र्या-मांजरांना बराचसा पचतो. माणसाला काय होतं यावरून जनावराला काय होईल याचा अंदाज बांधू नये, तो म्हणूनच.

पहिली पाच मिनिटं

वेळ बघा आणि लिहून ठेवा. चावताना पाहिलं असेल तर ती वेळ, नसेल तर जनावर शेवटचं ठणठणीत दिसलं ती आणि पहिलं लक्षण दिसलं ती. डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारतात.

मग स्वतःला सांभाळा. दुखणारं जनावर ओळखीच्या हातालाही चावतं. कोळी अजून केसांत किंवा अंथरुणात असू शकतो, म्हणून हातमोजे घाला नाहीतर हाताला जाड कापड गुंडाळा. मांजराला मोठ्या टॉवेलात गुंडाळून फक्त डोकं बाहेर ठेवा. कुत्र्याचं तोंड बांधायचं असेल तर सुमारे एक मीटर लांब, मऊ कापडाची पट्टी घ्या. नाकाडावर वेढा देऊन हनुवटीखाली एक गाठ मारा आणि दोन्ही टोकं कानांमागे बांधा. उलटी होत असेल, श्वास लागला असेल किंवा कुत्रा चपट्या नाकाचा असेल तर तोंड अजिबात बांधू नका. बांधल्यावर मळमळ दिसली तर ताबडतोब सोडा.

आता श्वास. छाती किती वेळा वर जाते ते १५ सेकंद मोजा आणि ४ ने गुणा. स्वस्थ पडलेल्या कुत्र्याचा श्वास मिनिटाला १० ते ३०, मांजराचा २० ते ३० च्या आसपास असतो. कुत्र्याचं जीभ बाहेर काढून धापणं यात मोजू नका, ते थांबल्यावर मोजा. स्वस्थ बसून ४० च्या वर श्वास चालला असेल तर काळजीचं कारण आहे. आणि मांजर तोंड उघडं टाकून श्वास घेत असेल तर आकडा मोजायलाही थांबू नका, निघा.

हिरड्या बघायची पद्धत अशी: वरचा ओठ उचला, सुळ्याच्या वरची हिरडी बोटाने दाबा आणि सोडा. दाबलेली जागा पांढरी पडते आणि दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. जास्त वेळ लागला तर रक्ताभिसरण ढासळतंय असं समजा. हिरडी पांढुरकी, निळसर, पिवळी किंवा विटकरी-तपकिरी दिसली तरी थांबायचं नाही. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात. त्यांची खालची पापणी हलकेच ओढून आतला रंग बघा. तुमच्या जनावराच्या हिरड्या एरवी कशा दिसतात हे आज, ते ठणठणीत असतानाच बघून ठेवा. ऐनवेळी तुलना कशाशी करणार?

मांडीच्या आतल्या बाजूला, वरच्या टोकाशी बोटं टेकवली की नाडी लागते. कुत्र्याची साधारण ६० ते १४० (लहान जातींची जास्त), मांजराची १४० ते २२०. तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर गुदद्वारात घालावा लागतो. जनावर पिसाळल्यासारखं करत असेल तर हा नाद सोडा.

याचवेळी गळपट्टा आणि छातीचा पट्टा काढा. तोंडाला किंवा मानेला चावा असेल तर सूज उतरत गळ्यापर्यंत येते आणि तोच पट्टा फास होतो.

चाव्याच्या जागी काय करायचं

जागा सापडली तर साध्या गार पाण्याने आणि सौम्य साबणाने धुवा, साबण पूर्ण निघेपर्यंत. केस घरी भादरू नका. दुखऱ्या कातडीला ब्लेड लागतं आणि नवी जखम होते. ओल्या हाताने केस बाजूला केले तरी पुरे.

मग थंड शेक. बर्फ पातळ कापडात गुंडाळून १० मिनिटं धरायचा, १० मिनिटं काढायचा, असं तीन-चार वेळा. मांजर, छोटं कुत्रं, पिल्लू असेल तर पाचच मिनिटं. बर्फ थेट कातडीवर ठेवला तर कातडी गोठून वेगळीच जखम होते. बर्फाने विष मरत नाही, वेदना आणि सूज तेवढी कमी होते. गरम शेक मात्र मुळीच नको. रिक्लूजच्या चाव्यात उष्णतेने नुकसान वाढतं.

सूज असेल तर तिच्या कडेने, केस विरळ असतील तिथे, पेनाने रेघ मारा आणि शेजारी वेळ लिहा. तासाभराने सूज रेघेबाहेर गेली का ते डोळ्यांना दिसतं. फोटो काढताना शेजारी नाणं ठेवा म्हणजे आकार कळतो.

चाव्याच्या वर घट्ट पट्टी बांधायचा मोह आवरा. दाबपट्टी फनेल-वेबसारख्या काही मोजक्या कोळ्यांसाठी आहे. विडोच्या चाव्यात ती दुखणं वाढवते, रिक्लूजच्या चाव्यात विष एकाच जागी कोंडून कातडीचं नुकसान वाढवते आणि सुजणाऱ्या पायाचा रक्तपुरवठा तोडते. चिरा देणं, चोखणं, डाग देणं, स्पिरिट किंवा हायड्रोजन पेरॉक्साइड ओतणं, कसलाही लेप थापणं, हे सगळं टाळा. लेप चाटून पोटात जातो आणि डॉक्टरांना खालची कातडी दिसत नाही.

चाटणं थांबवायला गळ्याभोवती प्लास्टिकचा कोन लावा. तो नाकाच्या टोकापुढे दोन-तीन बोटं जायला हवा, नाहीतर जनावर वळून जखमेपर्यंत पोहोचतंच. श्वासाचा त्रास असेल तर कोन नको.

टॅरँट्युलाचे केस लागले असतील तर आधी चोळणं थांबवा. कातडीवरचे केस चिकटपट्टी हलकेच टेकवून उचला, मग पाण्याने धुवा. डोळ्यांवर १० ते १५ मिनिटं स्वच्छ पाण्याची किंवा सलाईनची बारीक धार सोडा आणि नंतर डॉक्टरांना दाखवाच; डोळ्यात रुतलेले केस धुण्याने निघत नाहीत.

आणि कोळी खाल्ला असेल तर? पोटात गेलेलं विष बहुतेक वेळा पचून जातं. धोका असतो तो गिळताना जिभेला किंवा घशात झालेल्या चाव्याचा, कारण तिथली सूज श्वास अडवते. ओकारी काढायला लावू नका. जनावर पूर्ण शुद्धीत असेल आणि नीट गिळत असेल तर गार पाणी चाटू द्या आणि पुढचे दोन तास नजर ठेवा. विडो खाल्ल्याची शंका असेल तर लगेच फोन करा.

घरातलं औषध

कोळ्याच्या विषापेक्षा घरच्या औषधाच्या डब्याने दगावलेली मांजरं कमी नसावीत, असं म्हणायचा मोह होतो. पॅरासिटामॉल मांजराला कधीही देऊ नये. ते निकामी करायची जी वाट माणसाच्या यकृतात असते ती मांजरात जवळजवळ नाही. ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. रक्त प्राणवायू वाहून नेईनासं होतं आणि हिरड्या तपकिरी दिसायला लागतात. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन यांनी कुत्र्या-मांजरांच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं बिघडतात. माणसांची मलमं चाटून पोटात जातात. टी ट्री तेल चार थेंबही नको, ते कातडीतून शोषलं जातं.

ॲलर्जीच्या गोळ्यांबद्दल लोक हमखास विचारतात. डायफेनहायड्रामाइन कुत्र्यांसाठी वापरतात, मात्रा साधारण वजनाच्या दर किलोला २ मिलिग्रॅम. पण ते विषावरचं औषध नाही. अंगावर गांधी उठल्या, तोंड सुजलं, खाज सुटली तर थोडा उपयोग. डॉक्टरांना फोनवर विचारूनच द्या आणि पाकिटावरचे सगळे घटक वाचा. सर्दीच्या गोळीत याच्या जोडीला स्युडोएफेड्रिन किंवा पॅरासिटामॉल असतं, सिरपात कधी झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) असतं. झायलिटॉलने कुत्र्याची रक्तातली साखर धाडकन उतरते. शिवाय गोळीने जनावर सुस्तावलं तर ती सुस्ती गोळीची की विषाची हे कळेनासं होतं.

कधी निघायचं

लुळेपणा, तोल जाणं, थरथर, झटके, पोट कडक होणं, थांबत नाही अशी लाळ, पुन्हा पुन्हा उलटी, हिरड्यांचा बदललेला रंग, श्वासाचा त्रास, लाल किंवा कॉफीच्या रंगाची लघवी: यातलं एकही दिसलं तर घरी वाट बघू नका. तोंडाच्या आत किंवा गळ्याला चावा असेल, पिल्लू, म्हातारं, गाभण किंवा हृदयाचा आजार असलेलं जनावर असेल तर लक्षणं नसली तरी दाखवा. मांजराला विडो चावल्याची शंका असेल तर लक्षणांची वाट बघायचीच नाही.

तीव्र ॲलर्जी कोळ्याच्या चाव्याने क्वचित होते, पण झाली तर मिनिटांत होते आणि कुत्र्यात ती माणसासारखी दिसत नाही. कुत्र्यात पहिला फटका यकृताला आणि आतड्यांना बसतो: अचानक उलटी, जुलाब (कधी रक्ताचे), मग कोसळणं. मांजरात श्वासनलिका आणि फुफ्फुसं आधी आवळतात: तोंड खाजवणं, लाळ, धाप. जेवण बाधलं असेल म्हणून कुत्र्याच्या उलटीकडे दुर्लक्ष झालं तर वेळ हातातून जातो.

निघताना जनावराला चालवू नका. चालताना स्नायूंची हालचाल होते आणि विष लवकर पसरतं. मोठ्या कुत्र्याला फळीवर किंवा दोघांनी धरलेल्या चादरीवर उचला, मांजर पिंजऱ्यात. खायला-प्यायला काही देऊ नका. गिळण्याचे स्नायू ढिले पडले असतील तर घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो. मान सरळ, थोडी पुढे ताणलेली ठेवा. आधी फोन करा आणि जनावराचं वजन, वेळ, लक्षणांचा क्रम, चालू असलेली आणि आता दिलेली औषधं सांगा. प्राणवायूची सोय आणि प्रतिविष आहे का, तेही विचारा. नसेल तर कुठे मिळेल हे त्यांना ठाऊक असतं.

कोळी समोरच असेल तर त्याच्यावर काचेचा पेला उपडा घाला, खालून जाड कागद सरकवा आणि झाकणाच्या बरणीत घाला. जमत नसेल तर फोटो काढा, वरून आणि शक्य असल्यास खालूनही. चेंगरलेला असला तरी फेकू नका. मात्र कोळी शोधायला म्हणून पाच मिनिटंही थांबू नका. डॉक्टर उपचार लक्षणांवरून ठरवतात.

श्वास थांबला तर

हाक मारून, हलवून प्रतिसाद नाही आणि छाती हलत नाही, एवढं दिसलं की नाडी शोधत बसू नका, छाती दाबायला सुरुवात करा. जनावराला कुशीवर झोपवा. मोठ्या, गोलसर छातीच्या कुत्र्याला छातीच्या सगळ्यात रुंद भागावर दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबा. उभट, अरुंद छातीच्या कुत्र्याला कोपर जिथे छातीला टेकतं तिथे, म्हणजे हृदयाच्या वर. बुलडॉगसारख्या पसरट छातीच्या कुत्र्याला उताणं करून छातीच्या मधल्या हाडावर. मांजराची किंवा छोट्या कुत्र्याची छाती एका हाताच्या पंजात, अंगठा एका बाजूला आणि बोटं दुसऱ्या बाजूला अशी धरून दाबता येते. मिनिटाला १०० ते १२० दाब. कुशीवर असताना छातीच्या रुंदीच्या एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत खोल, उताण्या कुत्र्याला साधारण पाव खोलीपर्यंत. प्रत्येक दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची.

३० दाबांनंतर तोंड हाताने घट्ट मिटून त्याच्या नाकपुड्यांतून दोन श्वास, छाती फुगताना दिसेल एवढेच. जोरात फुंकलं तर हवा पोटात जाते. दुसरं माणूस असेल तर दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला. दमलेल्या हाताचा दाब उथळ होतो आणि ते दाबणाऱ्याला कळत नाही. बरगडी मोडल्याचा आवाज आला तरी थांबू नका.

दवाखान्यात आणि नंतर

विडोच्या चाव्यात शिरेतून वेदनाशामक, स्नायू सैल करणारी औषधं, रक्तदाबावर लक्ष आणि उपलब्ध असेल तर प्रतिविष दिलं जातं. पूर्वी कॅल्शियमचं इंजेक्शन देत, आता त्यावर भिस्त ठेवत नाहीत. प्रतिविष बहुधा घोड्याच्या रक्तापासून बनवतात, त्यामुळे त्याचीच ॲलर्जी होऊ शकते. म्हणून ते हळूहळू, नजर ठेवून देतात. एक-दोन दिवस ठेवून घेतलं तर कुरकुर करू नका. घरी आल्यावरही अशक्तपणा काही आठवडे रेंगाळतो.

रिक्लूजवरचं प्रतिविष लॅटिन अमेरिकेतल्या काही देशांत बनतं, इतरत्र सहसा मिळत नाही. तिथे रक्ततपासणी, लघवीतपासणी, सलाईन आणि जखमेची निगा एवढंच असतं. सुरुवातीलाच कापून टाका, असा आग्रह काही पालक धरतात. मेलेल्या कातडीची हद्द ठरायच्या आत कापलं तर कडा पुन्हा मरते आणि खड्डा मोठा होतो.

जखम धुवायला ५०० मिलिलिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक सपाट छोटा चमचा मीठ पुरतं. क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक सांगितलं असेल तर २ टक्क्यांच्या द्रावणातलं २५ मिलिलिटर एक लिटर पाण्यात मिसळा. फेस येणारं, साबणमिश्रित क्लोरहेक्सिडिन यासाठी चालत नाही, आणि डोळ्यांपासून, कानांपासून दूर ठेवा.

पहिले तीन-चार दिवस लघवीचा रंग बघा. जमिनीवर झाली की त्यात पांढरा कागदी रुमाल टेकवा. फिकट पिवळा डाग ठीक, गुलाबी किंवा तपकिरी असेल तर त्याच तासाला दवाखाना. मांजरासाठी ट्रेमध्ये फिकट रंगाचे, गोळा न होणारे खडे थोडेसेच घाला. जखमेचा रोज एकाच अंतरावरून फोटो काढा, आठ-दहा दिवस तरी.

ससा, गिनी पिग, पक्षी यांच्या अंगात वजनाच्या मानाने विष खूप जास्त जातं, त्यामुळे कोणतंही लक्षण दिसलं की दाखवायचं. गिनी पिगला विडोचं विष फार बाधतं. सशाने कशानेही १२ तास खाणं सोडलं तर त्याचं आतडं ठप्प होतं, तो वेगळा आणीबाणीचा प्रकार. पक्ष्याला कमीत कमी हाताळा, अंधाऱ्या उबदार खोक्यात ठेवून न्या.

कोळी नसेलही

एका जागेऐवजी अंगभर पुटकुळ्या असतील तर कोळी विसरा. तो बहुधा एकदाच चावतो. पिसवा, गोचीड, खरूज बघा. मांजराच्या अंगावर गरम, दुखरी गाठ आणि ताप म्हणजे दोन-चार दिवसांपूर्वीच्या भांडणातला गळू असण्याची शक्यता जास्त. बोटांच्या बेचक्यातली सूज बऱ्याचदा रुतलेल्या कुसळाची असते. पण एक गल्लत जिवावर येते. पापण्या जड, आवाज बदललेला, पाय लुळे आणि चाव्याची जागा सापडत नाही, असं चित्र मण्यारीसारख्या सापाच्या दंशाचंही असतं. त्या दंशाला सूज आणि वेदना जवळपास नसतात. कोळीच असणार असं डॉक्टरांना ठामपणे सांगू नका, फक्त काय दिसलं ते सांगा.

घरातले कोळी कमी करायचे तर जाळी आणि अंड्यांच्या पिशव्या व्हॅक्यूमने ओढून घ्या, जनावराचं अंथरूण भिंतीपासून वीतभर लांब ठेवा, अडगळ आणि सरपणाचा ढीग दारापासून हलवा. फवारणी करणार असाल तर घटकांत परमेथ्रिन आहे का ते बघा. कुत्र्यांना ते चालतं, मांजरांना त्याने झटके येतात; ओल्या फवाऱ्यावर चालून मांजराने पंजे चाटले तरी पुरतं. चिकट सापळे मांडायचेच असतील तर जनावराचा पंजा जाणार नाही अशा फटीत मांडा. चिकटलाच तर ओढू नका. खाद्यतेल बोटांनी चोळत मुरवा, पाच-दहा मिनिटांत गोंद सुटतो, मग सौम्य साबणाने तेल धुऊन टाका.